निरोगी माणसांच्या बाटल्या

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९८७

बाटल्या मिळाल्या! उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी व्यापाऱ्याकडे. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या, अगदी हव्या तशा. "मॅडम, अचार का धंदा शुरू किया क्या?" मी बिनदिक्कत हो म्हटलं. लघवी गोळा करायची आहे म्हणाले असते तर बिचाऱ्याने दुकान धुऊन काढलं असतं.

शनिवार, ७ नोव्हेंबर

आज रंगाच्या कारखान्यात भाषण ठोकलं. समोर सगळे पुरुष, आणि विषय काय तर लघवी! आधी कोपरखळ्या, मग हसू, मग एकदम चिडीचूप. मी सरळ सांगितलं — रंगातली काही द्रव्यं अंगात शिरतात आणि मूत्राशयात उतरतात. तिथल्या अस्तराला वर्षानुवर्षं डिवचतात. पुढेमागे त्या पेशी बिघडून कॅन्सर होऊ शकतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. पण बिघडलेल्या पेशी लघवीतून गळतात, आणि त्या मला मायक्रोस्कोपमधून दिसतात.

एकाने विचारलं, काही निघालं तर नोकरी जाईल का? म्हटलं, तुमचं नाव माझ्या लॅबच्या बाहेर जाणार नाही. मग सगळ्यांनी बाटल्या घेतल्या. बहुतेक पोरसवदाच आहेत, चेहरे हिरवे-निळे.

मुंबईच्या माझ्या कॉलेजातल्या सरांना फोन केला. जानेवारीत परिषद आहे, तिथे मला हा पेपर वाचायचाच आहे. अंबरनाथच्या दोन खोल्यांतून कसलं संशोधन, असा त्यांचा सूर असतोच. आज म्हणाले, "आणि कंट्रोल कुठाय?" म्हणजे ज्यांनी रंगाला कधी हात लावलेला नाही अशी निरोगी माणसं. त्यांची लघवी शेजारी ठेवल्याशिवाय कामगारांच्या लघवीला अर्थ नाही. खरंच, कुठाय?

रविवार, ८ नोव्हेंबर

कंट्रोल सापडला, तोही घरात! पोहे खाताना नवऱ्याला, शशिकांतला, माझं रडगाणं ऐकवत होते, तर आमचे अण्णा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "माझी मंडळी आहे की." सासरेबुवांची मंडळी म्हणजे सकाळी शिवमंदिरापर्यंत फिरायला जाणारे आठ जण. सगळे पेन्शनर, सगळे ठणठणीत, निदान सगळे तसं सांगतात. वयाने मोठे आहेत, पण चालतील. अट समजावली — रंगाच्या कारखान्यात कुणी कधीही काम केलेलं नको. अण्णा नुसतं हं म्हणाले. सासूबाई, म्हणजे माई, म्हणाल्या की निदान पोह्यांवर तरी हा विषय नको.

बुधवार, ११ नोव्हेंबर

अण्णा बाटल्या घेऊन गेले — भाजीच्या पिशवीतून! माईंनी ती पिशवी आता घरातून हद्दपार केली आहे.

शनिवार, १४ नोव्हेंबर

दोन बाटल्या आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, दोरा बांधलेल्या, मिठाईच्या पुड्यासारख्या. अण्णा एवढ्या ऐटीत आले की विचारू नका.

माझं बोलणं ऐकून त्यांनी पाणी वाढवलंय. उशाशी तांब्या, खुर्चीपाशी तांब्या. माई विचारतात, थंडीत एवढं पाणी कशाला? तर म्हणे तब्येतीला बरं.

रविवार, १५ नोव्हेंबर

आणखी दोन! अण्णा म्हणजे चालतीबोलती संस्था आहे.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

आठही पूर्ण. कामगारांच्याही आल्या. आता पद्मजाचं राज्य. माझी मदतनीस, पण लॅबमध्ये माझ्यावरच डोळे वटारते. प्रत्येक बाटलीवर ती नुसता नंबर लावते. कुणाचा कोणता, ते फक्त तिला माहीत. मला कळलं तर कामगाराच्या स्लाइडमध्ये उगाच वाईट दिसायला लागेल, म्हणून ही शिस्त. भजी खिलवून बघितली. भजी खाल्ली, पण बधली नाही.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

आज सापडलं. सकाळपासून स्लाइडी स्वच्छ होत्या, कंटाळा येण्याइतक्या स्वच्छ. आणि मग एक अशी आली की मी खुर्ची पुढे ओढली. पेशींचे पुंजके, केंद्रकं मोठी आणि काळपट, आसपास रक्ताच्या लाल पेशी. थोड्या वेळाने तसलीच दुसरी. मग तिसरी. संध्याकाळपर्यंत आठ झाल्या!

पहिला विचार आला — माझा पेपर उभा राहिला. आनंदाने पद्मजाला हाक मारली. मग एकदम लाज वाटली. आठ घरं आहेत ती. कुणाचा नवरा, कुणाचा बाप.

शनिवार, २८ नोव्हेंबर

नंबर उघडले. आठही शिवमंदिरवाले! कामगार एकजात निर्मळ! मी आणि पद्मजा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सर फोनवर म्हणाले, "तुमच्याकडे रंगाने माणसं सुधारतात आणि देवदर्शनाने बिघडतात वाटतं!"

नंबरांचीच अदलाबदल झाली असणार. तसं म्हटल्यावर पद्मजाचं बिनसलं. जाताना "येते"सुद्धा म्हणाली नाही.

सोमवार, ३० नोव्हेंबर

आठही स्लाइडी शेजारी शेजारी मांडून पुन्हा बघितल्या. तेच पुंजके. त्याच आकाराचे, पाकिटासारखे स्फटिक, सगळीकडे तेवढेच. आठ माणसांची लघवी इतकी सारखी कशी असेल? पद्मजाची माफी मागितली. तिने भज्यांवर मिटवलं.

संध्याकाळी मंडळीतल्या हेमचंद्र प्रधानांकडे गेले. रिटायर्ड पोस्टमास्तर, भिडस्त गृहस्थ. लघवीला काही त्रास आहे का विचारलं तर कानापर्यंत लाल झाले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि मागोमाग बडीशेप. माझ्याच बाटलीतून!

"झाकण काय छान बसतं हो," काकू म्हणाल्या.

मग प्रधानकाका कबूल झाले. देवळाच्या वाटेवर अण्णांनी बाटल्या वाटल्या, सगळ्यांनी सभ्यपणे घेतल्या, आणि भरून द्यायची वेळ आली तेव्हा सगळेच लाजले. मित्राच्या सुनेच्या हातात द्यायची कशी? अण्णा म्हणाले होते, त्या राहू द्या, उल्हासनगरहून तशाच आणखी आणतो, मी बघून घेतो.

बडीशेप तोंडातच राहिली. हसू यायला हवं होतं. पण मला त्या आठ स्लाइडी दिसत होत्या, आठही एकाच माणसाच्या.

घरी आले. अण्णा गॅलरीत बसले होते, शेजारी तांब्या. मी काही विचारायच्या आतच त्यांना कळलं.

"तुला शब्द दिला होता ना गं. आणि तुला निरोगी माणूसच हवा होता. मी आहे की."

मी शेजारी बसले. विचारलं, अण्णा, तुम्ही कधी रंगाच्या कारखान्यात होता?

"लग्नाआधी, चार वर्षं. कॅम्पातल्या रंगाईत, कापड रंगवायच्या कारखान्यात. हात कोपरापर्यंत निळे असायचे. हिला बघायला गेलो तेव्हा बाह्या खाली ओढून बसलो होतो. मग कचेरीत लागलो. ते काय सांगायचं!"

सारा कारखाना मी तपासला. घरात हा एक प्रश्न विचारला नाही. त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. भीती वाटत होती, तीही सांगितली. ते म्हणाले, माईला मी सांगतो.

शुक्रवार, ४ डिसेंबर

मुंबईला नळी घालून मूत्राशय बघितलं. गाठ आहे. एकच. लहान आहे.

बुधवार, ९ डिसेंबर

काढली! नळीतूनच, पोटाला चीरही नाही. सर्जन म्हणाले, वरवरचीच होती, स्नायूत शिरलेली नाही. त्रास सुरू व्हायची वाट बघितली असती तर गोष्ट वेगळी होती. दर तीन महिन्यांनी मात्र तपासायला यायचं. मी वॉर्डच्या बाहेर भिंतीला टेकून मनसोक्त रडले, मग सगळ्यांना चहा पाजला.

माई अण्णांना म्हणाल्या, "जन्मात एकदा लबाडी केलीत, ती तरी धड जमली." अण्णांना हसताना दुखत होतं, तरी हसले.

सरांना सांगितलं. त्यांना मनापासून बरं वाटलं. पण पेपर गेला. कामगारांत काही नाही, कंट्रोल सगळा खोटा, वाचायचं काय? म्हटलं, जाऊ दे. माझा माणूस घरी येतोय.

रविवार, १३ डिसेंबर

अण्णा घरी आले. दुपारी सहज विचारलं, तेव्हा रंगाईत तुमच्याबरोबर कोण कोण होतं?

"आम्ही चौघं. दोघं गेले. लघवीतून रक्त जायचं, मुतखडा समजून औषधं खात राहिले. शिवराम आहे अजून, विठ्ठलवाडीला. त्यालाही हल्ली लाल होते म्हणे, काढा घेतोय."

मी हा रोग कारखान्यातल्या पोरांत शोधत होते. तो तर कधीच रिटायर होऊन घरी बसलाय.

विठ्ठलवाडीला निघाले.