जड चंबू

तंजावूर, १९९७

प्रिय शांभवी,

“साराला चव कथलाच्या चंबूनंच येते,” असं आई तुझ्या लग्नात म्हणाली होती. तेव्हा पापनाशमला जाऊन दोन चंबू मीच निवडले, जड तो अस्सल असं समजून. एक तुला दिला, एक घरी ठेवला.

आता डॉक्टर सांगतात, त्या कथलात शिसं मिसळलेलं आहे; जडपणा त्याचाच. आईच्या रक्तातही सापडलं. तिचं विसरणं त्यानंच वाढलं असावं. मी चंबू लपवला. काल नव्या भांड्यातलं सार तिनं लोटून दिलं. “हे आमच्या घरचं नव्हे. तू कुणाची गं?”

हे सांगायला याआधी लिहिलेली दोन पत्रं टपालात न टाकता माझ्या पेटीतच राहिली. तू म्हणशील, “आईच्या घरची एवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे.” तरी तो चंबू चुलीवरून उतरव, मुलांना त्यातलं वाढू नकोस.

तुझी अक्का