हॅल्सबीचा कौल

७ ऑगस्ट २००४, शनि. सनीव्हेल

झालं पुन्हा सुरू. सकाळी सातला काँप्युटरच्या स्पीकरमधून गर्दीचा गोंगाट आणि एका म्हाताऱ्याची कॉमेंटरी. हॅल्सबी टाउन फुटबॉल क्लब, इंग्लंडची चौथी डिव्हिजन. त्याच्या खाली लीग नाही, नुसता चिखल. लग्न झाल्या झाल्या सुहासच्या प्रोजेक्टपायी त्या गावात दोन वर्षं काढली. मी तिथून एक स्वेटर आणि कायमची सर्दी घेऊन आले. हा क्लब घेऊन आला.

पहिलीच मॅच ०-३. दिवसभर घरात सुतक.

संध्याकाळी पुण्याचं विचारलं. त्याच्या जुन्या साहेबांचं तिकडे नवं ऑफिस निघतंय, पुढच्या जूनमध्ये ये म्हणतात. म्हणाला, "सीझन होऊ दे गं, मग बघू." नऊ महिन्यांचा सीझन. बाई तेवढ्यात बाळंत होते.

२८ ऑगस्ट, शनि.

जिंकले एकदाचे. गोल झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. सु. धावत आला. "हात थांबवू नकोस, सोलत राहा." मॅच संपेपर्यंत सोलला. क्रिकेटच्या वेळी याच्या घरी कुणाला जागचं हलू देत नाहीत, बाथरूमलासुद्धा. तेच इथे.

म्हणजे आता दर शनिवारी लसूण. सईने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, "मॉम पील्स गार्लिक फॉर सॉकर." सात वर्षांची आहे, तिला हे नॉर्मल वाटतं.

१८ सप्टेंबर, शनि.

गणपती बसले. पूजा साडेनऊला, कारण सातला मॅच. कोकणातला माणूस, आणि गणपतीला थांबवून ठेवलं! मोदक वळत होते. नैवेद्याच्या स्वयंपाकात लसूण कसा घेणार हातात? हरले. आरतीभर सु. माझ्याकडे बघत होता. गणपतीकडे बघ म्हटलं, इकडे काय आहे.

१३ नोव्हेंबर, शनि.

मंडळाचं दिवाळी गेट-टुगेदर. सु. उशिरा आला, चेहरा पाडून. हॅल्सबी खालून दुसरे. शेवटचे दोन लीगच्या बाहेर जातात. फराळाच्या टेबलाशी एका काकूंनी हळूच विचारलं, "अगं, ले-ऑफ झाला का याचा?" काय सांगणार? हो म्हणाले असते तर निदान सहानुभूती मिळाली असती.

पुण्याचा विषय काढला तर आताही तेच. सीझन होऊ दे. फ्रीझरमध्ये लसणाच्या सात पिशव्या आहेत.

१ जानेवारी २००५, शनि.

आज तरी नको म्हटलं होतं. नाही. वर्षाची पहिली सकाळ, ०-२.

३० जानेवारी, रवि.

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

सासूबाईंचा गावाहून फोन. सु. आंघोळीला गेला होता. आंब्याचा मोहोर, गुडघे, सई वगैरे झालं, आणि मग म्हणाल्या, "ती तुमची फुटबॉलवाली माणसं कितवी आहेत गो आता?"

मी म्हटलं, आई, तुम्हाला कशाला ते?

"अगो, सुहासने कौल लावलाय ना त्यांच्यावर. वर राहिली तर अमेरिकेतच राहायचं, खाली गेली तर घरी परत. तुला ठाऊक नाही? मी देवाला रोज सांगते, हरू देत बाबा त्यांना."

याच्या गावी सगळं कौलावर चालतं. देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. विहीर, सोयरीक, कोर्टकचेरी, सगळं तसंच. आमच्या लग्नालाही लावला होता म्हणे. मी कधी हसले नाही त्याला. पण तिथे देव असतो, गुरव असतो. इथे अकरा ढेरपोटी गोरे आहेत, आणि त्यांच्यातल्या गोलकीपरला बॉल धरता येत नाही.

आईंना माहीत. गावच्या देवाला माहीत. मला नाही.

३१ जाने., सोम.

भांडलो. सई झोपायची वाट बघत, आवाज दाबून, त्यामुळे धड भांडताही आलं नाही. सु. म्हणतो, त्याला ठरवताच येत नाहीये. एक दिवस वाटतं जावं, आई एकटी आहे, दुसऱ्या दिवशी वाटतं इथलं सगळं कसं सोडायचं. "मी ठरवलं आणि चुकलं तर जन्मभर माझ्या नावाने राहील गं." म्हणून गोलकीपरच्या नावाने राहू दे. वा.

मी म्हटलं, मला विचारावंसं वाटलं नाही?

म्हणाला, "तू काय, पटकन ठरवशील."

हे कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

१२ फेब्रु., शनि.

संप. लसूण सोलला नाही. सईला घेऊन लायब्ररीत गेले. परत आले तर २-०, जिंकले. सु.ला आनंद झालाय पण मला सांगताना अपराधी वाटतंय, असा चेहरा. इतका राग आला की रात्री मुद्दाम बिनलसणाची आमटी केली.

१६ फेब्रु., बुध.

ऑफिसात मला टेस्टिंग टीमची लीड केलं. सहा वर्षांनी. घरी सांगितलं. सु. खूश झाला, खरंच झाला, बाहेर जेवायला घेऊन गेला. पण पुण्याचं नाव नाही. मीही काढलं नाही. मी का काढू? त्याने विचारावं.

रोज गाडीत सिग्नलला उत्तराची तालीम करते. कधी हो ची, कधी नाही ची. दोन्ही छान जमतात.

२ एप्रिल, शनि.

आज कपाळावर हात मारायची वेळ. सातला सु. ऐटीत चहा घेऊन बसला, तर मॅच अर्धी संपलेली. इंग्लंडने घड्याळं गेल्या रविवारी पुढे केली, आपली उद्या होणार. इतकी वर्षं इंजिनीयर आहे हा. त्याच्याशिवाय हॅल्सबी २-० पुढे होते. हा बसला, आणि २-२.

तासभर बाल्कनीत उभा होता. मग आत येऊन म्हणतो, "मी ऐकूच नये का गं?" हसू आलं मला, आणि वाईटही वाटलं. डोक्यावर किती केस पांढरे झालेत याच्या.

१ मे, रवि.

एकच मॅच राहिली. बरोबरी झाली तरी वाचतात, हरले तर बाहेर. सासूबाईंनी शनिवारी उपास धरायचं ठरवलंय, हॅल्सबी हरण्यासाठी. त्यासुद्धा हट्टाला पेटल्यात. पुण्याच्या साहेबांनाही पुढच्या आठवड्यात उत्तर हवंय.

७ मे, शनि.

पहाटेच जाग आली. सु. काही बोलला नाही, मीच लसणाचा गड्डा घेऊन त्याच्या शेजारी बसले.

हाफटाइमला ०-१. मग एक गोल, १-१. पाच-सात मिनिटं उरली असताना कुणीतरी स्टँडमधून शिट्टी मारली. लोकांना वाटलं संपली, वाचलो, आणि सगळं गाव मैदानात उतरलं. एकाने म्हणे गोलपोस्टची जाळी कापून नेली. रेफरीने खेळाडूंना आत नेलं, ते परत आलेच नाहीत. म्हातारा कॉमेंटेटर तीनदा म्हणाला की मला काही समजत नाहीये. मॅच सोडून दिली. आता लीगची कमिटी बसणार. १-१ धरायचं की पुन्हा खेळवायची, कधी ते माहीत नाही.

आईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाकळी अडकली. असं होतं कधी कधी, मग पुन्हा गाऱ्हाणं घालतात.

मला वेगळंच छळतंय. त्या शेवटच्या मिनिटांत मीसुद्धा डोळे मिटून काहीतरी मागत होते, अगदी जीव तोडून. वाचू देत म्हणून की हरू देत म्हणून, आत्ता आठवायला जाते तर सापडत नाही.

८ मे, रवि.

सु.ने सकाळी चहा केला. सई झोपलेली. कप समोर ठेवला, काँप्युटर बंद केला, प्लगसकट, आणि समोर बसला.

"वृंदा, कमिटी काय म्हणायचं ते म्हणेल. तुला काय हवंय?"

ऑगस्टपासून या एका वाक्यासाठी जळत होते. सिग्नलला केलेल्या सगळ्या तालमी. हो ची आणि नाही ची, दोन्ही सारख्याच खऱ्या वाटल्या, म्हणून ही वही ओढली. तो थांबला होता. घाई करत नव्हता, तेच जास्त अवघड.

चहावर साय धरली. बोटांना अजून कालच्या लसणाचा वास येतोय. उत्तर दिलेलं नाही. तो अजून समोर बसलाय, आणि मी हे लिहितेय.