न्क्वांटाला गाद्या पोचल्या, दोन्हीकडे

आदरणीय अदारक्वामामांना,

कुमासीहून आब्रेफीचा वाकून नमस्कार, विनंती विशेष. तुमच्या गुडघ्याला नव्या मलमाने उतार पडला का? मामींचा खोकला कमी झाला असावा, अशी आशा आहे. आम्ही इकडे सगळे खुशाल. गाद्यांचा कारखाना जागेवर आहे, छप्पर जागेवर आहे, आणि एकही माणूस सोडून गेलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण बाजारातल्या कोणीतरी तुमच्या कानावर काहीबाही घातलं आणि तुम्ही "मी येऊ का?" एवढाच निरोप पाठवलात. तुमचे ते तीन शब्द ऐकून गाद्यांच्या फोमचा फेस ओतण्याच्या विभागातल्या सिस्टर दुफिए भरल्या ताटावरून उठल्या. (नंतर परत बसल्या, पण मासा तेवढ्यात कोणीतरी उचलला होता.) तर मामा, यायची काही गरज नाही. सगळं निभावलं. कसं निभावलं ते सविस्तर सांगते, म्हणजे बाजाराच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

तुम्हाला आठवतच असेल की कॉम्प्युटरची सिस्टीम आणायची हौस तुमची होती. अक्राला कोणाच्या तरी बिस्किटांच्या कारखान्यात तुम्ही ती पाहिलीत, आणि परत आल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ऑर्डर एकदा आत घातली की किती फेस ओतायचा, कोणत्या मापाने कापायचा, कोणत्या ट्रकमध्ये भरायचा आणि ट्रकने कुठे जायचं, सगळं तीच सांगते म्हणे. मी म्हटलं, हे सगळं सध्या आपले मिस्टर अप्पाउ ओरडून सांगतात आणि विजेशिवाय सांगतात. तुम्ही म्हणालात, "अप्पाउचा आवाज बसला तर कारखाना बसतो." तुम्ही सिस्टीम बसवलीत, सत्कार घेतलात आणि मामपाँगला विश्रांतीसाठी निघून गेलात. आम्ही आणि ती, असे समोरासमोर राहिलो.

अक्राहून शिकवायला आलेल्या साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं करून बजावलं की आता तोंडी विचारपूस बंद, कागदावर छापून येईल ते खरं. आपल्या लोकांनी मान डोलावली, पण आतून प्रत्येकजण धास्तावला होता. मिस्टर अप्पाउंना वाटायचं, आपण ऑर्डर घातली खरी, पण या सिस्टीमने ती गिळली तर? सिस्टर दुफिएंना वाटायचं, अप्पाउंनी घातलीच नसेल तर? (दोघांचं एकमेकांविषयी काय मत आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच वीस वर्षं त्यांची भांडणं सोडवलीत.) नेमकी त्याच सुमारास शाळा उघडण्याआधीची सर्वांत मोठी ऑर्डर आली, बोन्सू-न्क्वांटाच्या मुलींच्या निवासी शाळेची. तिथल्या मुख्याध्यापिका मॅडम असिएडू म्हणजे काय प्रकरण आहे, हे सगळा पश्चिम भाग जाणतो. त्यांनी पहिल्यांदाच आपल्याकडून माल घेतला होता, आणि त्या खूश झाल्या तर आजूबाजूच्या सगळ्या शाळा आपल्याकडे वळणार होत्या. नाराज झाल्या तर काय, ते मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते.

मिस्टर अप्पाउंनी ऑर्डर घातली आणि गावाच्या रकान्यात सवयीने नुसतं "न्क्वांटा" लिहिलं. आपल्या देशात रस्त्याला रस्ता भेटला की त्या जागेला न्क्वांटा म्हणतात, आणि आपले रस्ते एकमेकांना सारखे भेटत असतात. पण सिस्टीमने इमानदारीत आपली यादी चाळली आणि नुसतं न्क्वांटा नावाचं गाव शोधून काढलं: पार पूर्वेला, टोगोच्या हद्दीजवळचं. म्हणजे पाहिजे त्याच्या बरोबर उलट टोक. पूर्वी आपल्या इद्रिसू ड्रायव्हरने निघण्यापूर्वी खिडकीतून मुंडकं काढून विचारलं असतं, "कुठला न्क्वांटा हो?" आणि अप्पाउंनी शिवी घालून सांगितलं असतं. पण विचारपूस बंद. इद्रिसूने छापील कागद कपाळाला लावला आणि उगवतीकडे ट्रक हाकला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडम असिएडूंचा फोन आला. मी पडद्यावर पाहिलं. हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: माल पोचला, उतरवला, सही मिळाली. मामा, मला त्या हिरव्या अक्षरांचा इतका आधार वाटला की मी त्या बाईंना चक्क म्हणाले, "मॅडम, जरा कोठीघरात नीट बघता का?"

त्या म्हणाल्या, "बाळ, गादी म्हणजे काय सुई आहे हरवायला? उद्या माझ्या मुली पेट्या घेऊन फाटकात उभ्या राहतील. त्यांना काय तुझ्या कॉम्प्युटरवर झोपवू?"

मी इद्रिसूला फोन लावला, तर मागे ढोल वाजत होते.

"मॅडम, इथले लोक फार चांगले आहेत," तो ओरडून म्हणाला. "मला खुर्ची दिलीय!"

झालं होतं असं, की त्या न्क्वांटातल्या निवासी शाळेचे हेडमास्तर, मिस्टर न्यागोर्मे, कित्येक वर्षं सरकारकडे गाद्या मागत होते. मुलं चटयांवर झोपत होती. ट्रक फाटकात थांबला, आणि मास्तर धावत बाहेर आले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तिथेच मातीत गुडघे टेकले. इद्रिसूला काहीतरी चुकतंय हे एव्हाना कळलं होतं. पण मुलं गाद्या डोक्यावर घेऊन गात गात आत पळाली होती, गावचे प्रमुख छत्रीखाली येऊन बसले होते, आणि सगळे इद्रिसूच्या भाषणाची वाट पाहत होते. "मॅडम, कुठल्या तोंडाने परत मागू?" असं त्याने मला विचारलं. तुम्ही तिथे असता तर काय केलं असतंत हे मला ठाऊक आहे. मी मात्र खुर्चीत बसले आणि रडले.

मी रडतेय हे पाहून मिस्टर अप्पाउ आणि सिस्टर दुफिए दारात येऊन उभे राहिले. दोघं एकत्र, आणि गप्प! मला वाटलं कोणीतरी गेलं.

"बोला तुम्ही," दुफिए म्हणाल्या.

"तुमच्यामुळे झालं, तुम्ही बोला," अप्पाउ म्हणाले.

शेवटी कळलं ते असं. अप्पाउंनी ऑर्डर घातलीच नसेल या शंकेने दुफिएंनीही ती घातली होती, मात्र गाव न लिहिता. सिस्टीम बिचारी साधी, तिला वाटलं दोन ऑर्डरी आहेत. तेवढ्याच गाद्या दुसऱ्यांदा तयार झाल्या. पण त्यांना जायला गावच नाही, म्हणून ट्रकही नाही. गोदामात मावेनात, तेव्हा या दोघांनी माझ्या भीतीपोटी त्या शेजारच्या प्रार्थनामंदिरात लपवल्या होत्या. (रविवारी मंडळी त्यांच्यावर बसूनच प्रार्थना करत होती. पाद्रीसाहेब म्हणतात, उपस्थिती वाढली, पण निम्मे लोक घोरत होते.)

मामा, मी त्या दोघांना मिठी मारली. अप्पाउ इतके घाबरले की त्यांची टोपी पडली. भाड्याचा ट्रक आणला, पाद्रीसाहेबांसकट सगळ्यांनी गाद्या भरल्या, आणि मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. वाटेत पूल बंद, मग पाऊस, ताडपत्री फाटलेली; गाद्यांवर मी अंत्यविधींना नेसायचं माझं चांगलं लुगडं पसरलं. पोचलो तेव्हा फाटकात पहिल्या मुली पेट्यांवर बसल्या होत्या. मॅडम असिएडू ट्रककडे चालत आल्या, एका गादीवर मूठ आपटली, ती लगेच वर आली. त्यांनी पुन्हा आपटली. मग म्हणाल्या, "जेवलीस का?" त्यांनी दिलेली गरीची, म्हणजे कसाव्याच्या रव्याची, आणि वाटाण्याची बशी मी उभ्याउभ्या संपवली. इतकं हलकं मला कारखाना हातात घेतल्यापासून वाटलं नव्हतं. शेजारच्या दोन शाळांच्या ऑर्डरीही आल्या आहेत. आता गावाचं पूर्ण नाव लिहितो, आणि विचारपूस पुन्हा चालू केली आहे.

मामींना आणि मुलांना आठवण सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची भाची,
आब्रेफी

ता. क. इद्रिसू सुखरूप परतला. त्याला तिकडे एक मेंढा भेट मिळाला आहे. तो मेंढा आवारात फेसाचे तुकडे खातो, पण प्रकृती उत्तम आहे.

ता. क. दुसरा. पूर्वेच्या न्क्वांटाला राहू दिलेल्या गाद्या सिस्टीममध्ये कशा दाखवायच्या, हा प्रश्न होता. ती गावाचा रकाना रिकामा चालवून घेते, पण हा नाही. "विकल्या" खोटं होतं, "जळल्या" अशुभ होतं, म्हणून "देणगी" निवडलं. मग तिने दात्याचं नाव विचारलं, आणि संस्थापकाशिवाय कोणाचंही नाव घेईना. मी तुमचं घातलं. तुमच्या नावाचं देणगीपत्र तिने आपणहून त्या शाळेला पाठवलं, मला न विचारता.

ता. क. तिसरा, आणि हे कृपया बसून वाचा. येत्या शनिवारी न्क्वांटाचे प्रमुख, मिस्टर न्यागोर्मे आणि बसभर मुलं तुमचे आभार मानायला मामपाँगला येत आहेत, ढोल आणि रताळी घेऊन. तुम्ही केंटेचं मानाचं वस्त्र नेसून ओसरीवर बसायचं, मान डोलवायची, आणि "कुठल्या गाद्या?" असं काही झालं तरी विचारायचं नाही. एवढंच मागणं आहे. मुलांच्या वसतिगृहाला त्यांनी तुमचं नाव दिलंय, पाटीसुद्धा रंगवून झाली. शेजारी मुलींचं वसतिगृह आहे, अजून बिननावाचं आणि बिनगाद्यांचं. त्यांनी अगदी नम्रपणे मामींचं नाव विचारलं. मी कळवलं.