सर इज गोइंग टू द डोअर

देवळी,
बुधवार, डिसेंबर १९७८

तीर्थस्वरूप अण्णाजी मामांस अच्युतचा दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? रिवाज म्हणून विचारत नाही, खरंच विचारतो आहे. गुडघे कसे आहेत? जेवण जातं का? झोप लागते का? दिवाळीत तुम्हाला शिडीवर चढून संत्री उतरवताना पाहिलं तेव्हा वाटलं होतं की मामा ठणठणीत आहेत, पण ठणठणीत माणसाचा तरी काय भरवसा? (राग मानू नका. हे का लिहितो ते पुढं कळेल.) आणि खोकला? मला तुमच्या खोकल्याची कधी काळजी वाटली नाही, उलट धीरच वाटत आला. आष्टीच्या शाळेत पहिल्या दिवशी मी भोकाड पसरलं होतं, तेव्हा तुम्ही बैल तसेच जुंपलेले ठेवून वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहिलात आणि अधूनमधून खोकत होतात, मामा अजून गेला नाही हे मला कळावं म्हणून. ते आठवलं म्हणून लिहिलं. इकडे आई बरी आहे, तुमची सून नलू बरी आहे, म्हैस बरी आहे. मीच तेवढा बरा नाही. रोग काही नाही, भेव लागलं आहे. आणि हो, हे पत्र नेहमीसारखं ओट्यावर चार माणसांत मोठ्यानं वाचू नका. बगीच्यात जाऊन मनातल्या मनात वाचा.

तुम्हाला माहीत आहे की मी या शाळेत लागलो तो कवायत आणि मराठी शिकवायला. पण आमच्या इंग्रजीच्या सरांना बँकेत नोकरी लागली आणि हेडसर रूपरावजींनी इंग्रजीचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, मला हे जमायचं नाही. ते म्हणाले, "तुमी अजून कायम नाई झाले ना?" बस, एवढंच. कायम न झालेल्या माणसाला सगळं येतं, मामा. उद्या त्यांनी पेटी वाजवायला सांगितली असती तर मी पेटीही वाजवली असती. (त्यांचा स्वतःचा भाचा बी. ए. होऊन घरी बसला आहे आणि रोज संध्याकाळी शाळेवरून सायकलनं फेरी मारतो. तो नुसता हवा खायला येतो असं नलूलासुद्धा वाटत नाही.)

मग मला वर्ध्याला प्रशिक्षणाला धाडलं. तिथं असं कळलं की इंग्रजीत शब्द एकटा हिंडत नाही, जोडीनं हिंडतो, आणि कोणी कोणाबरोबर जायचं हे सोयरीक जमवावी तसं आधीच ठरलेलं असतं. आपण आंघोळ करतो, ते आंघोळ घेतात. आपल्याला सर्दी होते, ते सर्दी पकडतात (म्हणजे ती पुढं पळत असणार). आपल्याला राग येतो, त्यांचा हरवतो, आणि हरवल्यावर माणसानं शांत बसावं तर तो टेबलावर हात आपटतो. याला कारण विचारायचं नाही. या जोड्या नुसत्या घोकूनही उपयोग नाही, रोजच्या बोलण्यात आल्या पाहिजेत. त्यासाठी तिथं एक पद्धत शिकवली. मास्तरानं तोंडानं सांगायचं नाही, करून दाखवायचं, आणि तो काय करतो आहे ते वर्गानं एका सुरात सांगायचं. मी दाराकडे निघालो की वर्ग म्हणतो, 'सर इज गोइंग टू द डोअर'. दार उघडलं की, 'सर इज ओपनिंग द डोअर'. सर्दी पकडण्यासाठी मी शिंकलो. राग हरवण्यासाठी टेबल बडवलं. 'शेड टिअर्स' म्हणजे आसवं गाळणं, त्यासाठी नलूनं रुमालात कांदा बांधून दिला होता, पण वर्गापुढं तो कांदा चोळून चोळून माझं नाक लाल झालं तरी डोळ्यांतून टिपूस येईना. पोरं हसून हसून बाकांखाली गेली. ती जोडी मग तशीच राहून गेली.

पद्धत चांगली आहे, मामा, पण पोरांना ती सोडून देता येईना. शाळा सुटल्यावरही मी जे करतो ते ती मला सांगतात. बाजारात गेलो की भाजीवालीच्या मागून आवाज येतो, 'सर इज बायिंग ब्रिंजल्स'. मी भाव पाडायला लागलो की बाजार ऐकत उभा राहतो. हेडसरांनी मला व्हरांड्यात झापलं तर खिडकीतून आख्खा वर्ग म्हणतो, 'हेडसर इज लूजिंग हिज टेम्पर', त्यामुळं त्यांचा तो आणखीच हरवतो. सकाळी टमरेल घेऊन नाल्याकडे निघालो तेव्हा पोरं काय म्हणाली ते वडीलधाऱ्या माणसाला लिहिणं बरं नाही. शब्दांची जोडी मात्र अचूक होती. तेव्हापासून मी अंधार असतानाच जाऊन येतो.

अशात तपासणी लागली. तपासणीचे साहेब वर्ध्याहून आले आणि हेडसरांनी त्यांना आधी जेवायला बसवलं. पाटोडीचा रस्सा, भाकरी आणि वर ठेचा. मग हेडसर त्यांना माझ्या वर्गात आणून, मागच्या खुर्चीवर बसवून, स्वतः दारात उभे राहिले. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खडू धरला की मोडत होता. पण पाठ सुरू झाला आणि थोडा वेळ सगळं नीट चाललं. मग साहेबांची मान डुलायला लागली, हनुवटी छातीवर टेकली, आणि आख्खा वर्ग मागं वळून एका सुरात म्हणाला, 'साहेब इज टेकिंग अ नॅप'.

साहेब डुलकी घेत आहेत, असा त्याचा अर्थ होतो, मामा. गप्प बसा म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं, तर वर्गानं तेही सांगितलं, आणि आधीपेक्षा मोठ्यानं. त्या आवाजानं साहेब दचकून जागे झाले. 'साहेब इज ओपनिंग हिज आइज.' साहेब ताडकन उठले आणि त्यांनी बाकावर हात आपटला. ही तर पोरांच्या सरावातली जोडी, त्यांना ती ओळखू येऊन फार आनंद झाला. 'साहेब इज लूजिंग हिज टेम्पर!' दारात हेडसरांनी चौकट धरली. मी भिंत धरली. वर्गानं माझ्याकडे वळून तेही सांगितलं. तेवढ्यात मी मनानं देवळी सोडून, सामान बांधून, म्हैस विकून आष्टीला तुमच्या दारात येऊन उभा राहिलो होतो.

आणि साहेब खाली बसले. चष्मा काढून पुसायला लागले. बघतो तर त्यांचं पोट हलत होतं. ते हसत होते! म्हणाले, "मास्तर, इतके वर्ग पाह्यले, सगळीकडं पाठ केलेलं म्हणून दाखवतेत. हे पोरं डोळ्यानं पाहून इंग्रजी बोलून राह्यले." हेडसर चौकट सोडून लगेच म्हणाले की ही कल्पना मूळची त्यांचीच.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला पेढे पाठवले असते. पण साहेबांनी जाताना हुकूम केला. येत्या सोमवारी वर्ध्याला, सभागृहात, जिल्ह्यातल्या सगळ्या इंग्रजीच्या मास्तरांपुढं मी हा पाठ घ्यायचा, वर्ध्याच्याच शाळेतली मुलं समोर बसवून. आणि पाठ झाल्यावर ही पद्धत सगळ्यांना इंग्रजीतून समजावून सांगायची. ते झालं की मला कायम करणार. सगळे माझं अभिनंदन करतात आणि मला घास उतरत नाही. कारण खरी गोष्ट मी तुमच्याशिवाय कोणाला सांगू शकत नाही. इंग्रजी बोलणारी ती पोरं आहेत. मी फक्त दाराकडे जातो.

सोमवारी मी दाराकडे जाईन, दार उघडेन, बाहेर पडेन आणि थेट देवळीच्या बसमध्ये बसेन, असं मला रोज दिसतं. पाठ फसला तर साहेबांची फजिती, मग हेडसरांची फजिती, आणि मंगळवारी माझ्या खुर्चीवर तो सायकलवाला भाचा. नोकरी गेली तर आई आणि नलूला काय तोंड दाखवू? मला खरंच भीती वाटते, मामा. मोठा झालो, लग्न झालं, मिशी आली, पण आतून मी अजून आष्टीच्या त्या वर्गातच बसलो आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बैलांना पाठीवर थाप.

तुमचा भाचा,
अच्युत

ता. क. आता मुद्द्याचं. इंग्रजीची एक जोडी आपल्या जिल्ह्यात शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळते. अमुक 'सिरियस', 'स्टार्ट इमिजिएटली'. तारेत ती आली की माणूस हातातलं टाकून निघतो आणि कोणताही साहेब त्याला का म्हणून विचारत नाही. तर तुम्ही शनिवारी आष्टीच्या पोस्टातून मला एवढी तार कराल का? 'अंकल सिरियस स्टार्ट इमिजिएटली.' म्हणजे मामा अत्यवस्थ, ताबडतोब निघा. तुम्ही प्रत्यक्ष काही करायचं नाही. फक्त दोन-चार दिवस शिडीवर चढू नका, देवळीचं कोणी पाहिलं तर उगीच बोलणं. पाठ पुढं ढकलला जाईल आणि तोवर साहेबांची बदली होईल. तुम्हालाच का, म्हणाल, तर आईला सिरियस करता येत नाही, ती रोज शाळेसमोरून दुधाची कासंडी घेऊन जाते, आणि सासऱ्यांना करायला नलूची परवानगी नाही.

ता. क. दुसरा (गुरुवार). काल पेटीतलं टपाल आधीच निघून गेलं होतं, म्हणून पत्र घरीच राहिलं आणि नलूनं वाचलं. म्हणाली, "तुमाले भेव लागते त खुशाल भ्या, पण मामाजीले काऊन मारता?" आणि तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, "घरात असं अभद्र बोलू नोको रे बापा, वास्तू तथास्तु म्हणते." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी असलं काही मानत नाही. तरी संध्याकाळी देवापुढं उभा राहून मी स्पष्ट केलं की ते फक्त इंग्रजीतून म्हटलेलं आहे, आणि आपल्या वास्तूला इंग्रजी कळायचं काही कारण नाही. पत्र उद्या सकाळी नक्की टाकतो.

ता. क. तिसरा (शुक्रवार). मामा, वास्तूला इंग्रजी येतं असं आज सकाळी मला वाटलं. शाळेला निघायच्या आधी पोस्टमन डोमाजी गल्लीत शिरला. तो सायकलवर बसून आला की पत्र असतं, सायकल हातात धरून चालत आला की तार. तो चालत आला. टोपी काढून म्हणाला, "अच्युतभाऊ, आष्टीवरून आहे." आई उंबरठ्यावर मटकन बसली आणि तिनं तुमच्या नावानं हंबरडा फोडला. नलूनं चुलीवरचा तवा उतरवला. शेजारीपाजारी गोळा झाले. समोरच्या भिंतीवर आमची पोरं बसलेली, त्यांनी सांगितलं, 'सर इज होल्डिंग अ टेलिग्राम', पण हळू आवाजात. माझ्यानं ती तार उघडवेना. मी तुम्हाला अजून तार करा म्हणून सांगितलंही नव्हतं, पत्र तर माझ्या खिशात होतं. म्हणजे ही खरी. माझ्या भित्रेपणापायी मी माझ्या मामाला खाल्लं. मला दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त खिडकी, आणि खिडकीबाहेर कोणी खोकत नाही.

उघडली. आधी डोळ्यांना 'इमिजिएटली' दिसलं आणि बाकी सगळं काळं झालं. नलूनं दंडाला धरून हलवलं तेव्हा पूर्ण वाचली. पोस्टमास्तरांनी तुमच्या नावानं काय पाठवलं ते तुम्हाला बहुधा माहीत नसेल, म्हणून लिहितो. 'हार्टिएस्ट काँग्रॅच्युलेशन्स स्टार्टिंग इमिजिएटली अण्णाजी.' म्हणजे मनापासून अभिनंदन, मी ताबडतोब निघतो आहे. मग आईनं डोळे पुसत कबूल केलं. भाचा वर्ध्याले इंग्रजीत भाषण देते, असा निरोप तिनंच एसटीचे कंडक्टर भैयाजी यांच्याबरोबर तुम्हाला धाडला होता. आणि इंग्रजी भाषणाला मराठी कार्ड बरं दिसत नाही म्हणून तुम्ही तार केलीत! अहो मामा, आपल्या घरात आजवर तार माणूस गेल्याशिवाय आलेली नाही, एवढं तरी ध्यानात घ्यायचं.

मी ओट्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही. भिंतीवरची पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग कांद्याच्या दिवशी राहून गेलेली जोडी त्यांना सापडली. 'सर इज शेडिंग टिअर्स', सगळी एका सुरात म्हणाली. एकही चुकलं नाही, आणि कोणी हसलं नाही.

आता हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, पण फाडवतही नाही. तुम्ही बसमधून उतरलात की नलू ते तुमच्या हातात देईल, माझ्यात ती हिंमत नाही. वर मागितलेली तार विसरून जा. शिडीवर खुशाल चढा. फक्त सोमवारी सभागृहात खिडकीजवळची खुर्ची धरा, आणि माझी बोबडी वळली की जरा खोका.