कमी केलेले गुण

प्रिय खारूताई,

पत्र पाहून दचकू नकोस. घर जागेवर आहे, मीही आहे. फोनवर आपण 'जेवलीस का' आणि 'ठेवते' यांच्यामध्ये फारसं काही बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुला न सांगता मी एक उद्योग केला. तुझे बाबा गेल्यानंतर माझी झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट उत्तम आहेत, आता कुणाशी तरी बोला. म्हणून दर बुधवारी अकरा वाजता लॅपटॉपवर एका समुपदेशक बाईंशी बोलू लागले. तुझ्याच वयाची मुलगी. पहिल्याच दिवशी मला 'काकू' म्हणाली. मी म्हटलं, बाई म्हणा. बिचारी लगेच सरळ बसली. कॅमेऱ्यात दिसेल तेवढ्यालाच मी इस्त्री करायचे. खाली जुना परकर. हसू नकोस.

बोलण्याआधी दर वेळी नऊ प्रश्न भरायचे. झोप लागते का, कशात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जितके जास्त, तितकी तब्येत वाईट. पहिल्या वेळी खरं लिहिलं, एकोणीस आले. सत्तावीसपैकी. ती गंभीर झाली, आणि मला नापास झाल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी. पुढच्या बुधवारपासून दोन-तीन गुण कमी करत गेले. एकदम नाही, संशय येईल म्हणून. ती खूश व्हायची, मीही व्हायचे. सातव्या आठवड्यात चारवर आणले. ती म्हणाली, बाई, तुम्ही छान सावरलात, आता माझी गरज नाही. मी आभार मानले आणि लॅपटॉप मिटला.

त्याला पाच बुधवार झाले. अकरा वाजता मी खुर्चीत जाऊन बसते. समोर काळा पडदा, त्यात माझाच चेहरा. दिवसभरात दूधवाल्याशी एक वाक्य होतं, तेही 'उद्या अर्धाच' असं. दोन माणसांचा भात लावायची सवय अजून जात नाही.

काल तिला खरं लिहून कळवलं. ती रागावली नाही. म्हणाली, पुन्हा सुरू करू, पण खोटे गुण चालणार नाहीत.

मला तू आठवलीस. हॉस्टेलवरून फोन केला होतास, सकाळी उठवतच नाही म्हणालीस. मी म्हटलं, तोंड धू, वर्गात जा, नखरे पुरे. त्यानंतर तू मला फक्त परीक्षेचे निकाल कळवलेस, आणि ते नेहमी चांगलेच असायचे. त्या दिवशी माझं चुकलं. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. सुरुवात करण्याआधी फॉर्ममध्ये जवळच्या माणसाचं नाव आणि नंबर लागतो; मला फारच बरं वाटेनासं झालं, तर ती त्यांना कळवणार. मागच्या वेळी मी शाळेच्या ऑफिसचा नंबर टाकला होता. या वेळी तो चालणार नाही, ती फोन करून खात्री करते. तुझा देऊ का? नाही म्हणालीस तरी माझा रुसवा नाही. समोरच्या घरातल्या बाईंना विचारेन. 'नातं' या रकान्यात मात्र 'मुलगी' लिहून ठेवलं आहे. नंबर तू हो म्हटल्यावर भरेन.

तुझीच,
आई