केसाला रफू नसतो

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर पाठवलं नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच. मला तुझी मदत हवी आहे, आणि आईला इतक्यात काही कळवू नकोस.

माझे केस तुटताहेत. गळत नाहीत, मधूनच तुटताहेत. उशीवर, बेसिनमध्ये, हॉटेलच्या काळ्या कोटाच्या खांद्यांवर बारीक तुकडे पडलेले असतात, जणू कुणी माझ्या डोक्यावर बसून पेन्सिलीला टोक काढतंय. आमच्या मोठ्या बाईंचा नियम तुला माहीत आहे. काउंटरवर उभं राहणाऱ्या मुलीचे केस सरळ हवेत, चापूनचोपून मागे, घट्ट अंबाडा आणि वर जाळी. एखादी बट सुटली की पाहुण्यांदेखत आरशात बघून यायला सांगतात. माझे केस तुझ्यावर गेलेले, ते कुणाचं ऐकतात? म्हणून नोकरी लागल्यापासून रोज सकाळी स्ट्रेटनर फिरवते आणि अधूनमधून पार्लरमध्ये औषध लावून सरळ करून घेते. आता दोन्ही कानांच्या वर बोटभर जागा उघडी पडली आहे. तिथे मी काजळपेन्सिल फिरवते. हसू नकोस.

पुढच्या महिन्याच्या शेवटी काउंटरप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत आहे. मोठ्या बाई म्हणाल्या की तुझं काम उत्तम आहे, फक्त हे डोकं नीट करून ये. तेव्हा केस लवकर दुरुस्त होतील असा घरगुती उपाय कळव. अंडं, दही, कोरफड, सांगशील ते थापते. मला ही जागा हवी आहे, आत्या. फार दिवस हवी आहे.

काकांना नमस्कार. तुझा लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
झिपरी

~

दि. १२ फेब्रुवारी

चि. झिपरी हीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. हसले नाही. काजळपेन्सिलीपाशी मात्र चष्मा काढून पुसावा लागला.

मी जन्मभर मुलींना रफू शिकवलं. सिस्टरांच्या शाळेत शिकले आणि तिथेच शिकवून निवृत्त झाले. शाल द्या, मोजा द्या, भोक कुठे होतं ते उद्या शोधून दाखवा. म्हणून हे माझ्याकडूनच ऐकून घे. केसाला रफू नसतो. त्वचेच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याचं दुभंगलेलं टोक कुठल्याच उपायाने जुळत नाही. अंडं थापलंस तर दोन दिवस चमक येईल आणि शेजारचं मांजर मागे लागेल, एवढंच. जे करपलं आहे त्याला कात्री.

पण जे उरलं आहे ते वाचतं, आणि जे नवीन येतंय ते चांगलं येतं, फक्त त्याला छळू नये. धुण्याआधी दोन-तीन तास खोबरेल लाव, टोकांना जास्त. शांपू फक्त मुळांशी, खाली कंडिशनर. पंच्याने खसाखसा पुसायचं नाही. तुझ्या काकांचा जुना सुती सदरा पाठवते आहे, विटून इतका मऊ झालाय की केसांना कळणारही नाही. पाणी त्याने टिपून घ्यायचं. मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकांकडून, गुंता सोडवत वर. आपल्या घरात सगळ्या बायका वरून खाली खसकन ओढतात आणि मग म्हणतात की आमचे केस मुळातच विरळ. ओले केस बांधायचे नाहीत. स्ट्रेटनर बंद, पार्लरचं औषध बंद, आणि तो अंबाडाही बंद. कानांवरची जागा त्या ओढण्यानेच उघडी पडली असणार. डॉक्टरांना दाखवून ये, उशीर केला तर तिथले केस परत येत नाहीत म्हणतात.

आता तू म्हणशील की मोठ्या बाईंचं काय. त्याचं तेल माझ्याकडे नाही. पण एक सांगते. शाळेत प्रार्थनेआधी सिस्टर मला रोज नळाखाली वाकवायच्या आणि माझे कुरळे केस ओले करून दोन वेण्यांत आवळायच्या. दुष्ट नव्हत्या ग. त्यांच्या हाताला लव्हेंडरच्या साबणाचा वास यायचा, आणि सुईत दोरा कसा ओवायचा ते त्यांनीच मला मांडीवर बसवून शिकवलं. पण मान दुखेपर्यंत आवळायच्या. नववीत एका सकाळी मी नळापाशी गेलेच नाही. केस मोकळे सोडून सरळ रांगेत जाऊन उभी राहिले. दिवसभर व्हरांड्यात उभं राहण्याची शिक्षा झाली. सबंध शाळेत बागेकडे तोंड असलेली तीच एक जागा होती. अजून आठवते ती बाग.

माझी माया आहे हे मी तुला लिहून कळवायला नकोच.

तुझी,
आत्या

~

दि. २ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

उशीचे अभ्रे तेलाने माखलेले, न्हाणीघरात पुरुषाचा सदरा वाळत घातलेला, आणि पोरगी म्हणते की आत्याने सांगितलंय. आईला सांगायचं नाही आणि आत्याला पत्रं लिहायची, ही रीत कुठली? तुमचा राग नाही, पण मनात ठेवून मला बोलता येत नाही.

तुमचं आपलं बरं आहे. निवृत्त झालात, डोक्यावर काय आहे ते विचारणारं आता कुणी नाही. हिला रोज शंभर लोकांसमोर उभं राहायचं आहे. व्हरांड्यात उभं राहिल्याची तुमची गोष्ट तिने मला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली. पण शाळेत शिक्षा होते आणि घंटा झाली की आपण घरी येतो. नोकरीत शिक्षा झाली की माणूस घरीच बसतो. ज्याचं खावं त्याच्या चालीने चालावं, मला तरी एवढंच कळतं.

तुम्ही सांगितलेलं तेलबिल चालू ठेवते. पण मुलाखतीच्या दिवशी तिचे केस सरळ असतील. ते मी बघेन.

भाऊजींचा गुडघा कसा आहे ते कळवा. राग धरू नये, आणि लोभ आहे तो कमी करू नये.

आपली,
वहिनी

~

दि. २८ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिण्याआधी मीच लिहिते.

काल मुलाखत होती. पोरगी आदल्या दिवसापर्यंत हट्टाला पेटलेली की स्ट्रेटनर नको. मग सकाळी घाबरली. माझ्याकडे आली आणि म्हणाली की आई, एवढ्या वेळेपुरतं कर. मी विचार केला की तुमचंही राहील आणि बाईंचंही. केसांना तेल लावून घेतलं, म्हणजे आता चटका बसणार नाही, आणि वरून स्ट्रेटनर फिरवला. फोडणीत टाकल्यासारखा आवाज आला. धूर निघाला. मी यंत्र ओढलं तर एक अख्खी बट त्याच्याबरोबर आली. मी ती हातात धरून उभी राहिले आणि ही आरशातून माझ्याकडे बघत होती. रडलीसुद्धा नाही, वन्सं. तिने नुसती मान खाली घातली, पुढची बट घे म्हणून. लहानपणी इंजेक्शन घेताना घालायची तशी.

ती खाली घातलेली मान बघितली आणि माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. मी वायर खेचून काढली, यंत्र केराच्या डब्यात टाकलं, तुमच्या भावांची मिशीची कात्री आणली आणि सगळं करपलेलं कापून टाकलं. कानांच्या खालपर्यंत आले. धुतले आणि तुम्ही पाठवलेल्या सदऱ्याने टिपले. काजळपेन्सिल तिने उचलली, ती मी काढून घेतली. म्हटलं, जे झालंय ते ज्यांच्यामुळे झालंय त्यांना दिसू दे. वाळले तसे ते वर वर चढत गेले. तिचे खरे केस कसे आहेत ते मी विसरूनच गेले होते.

ती तशीच गेली. जागा मिळाली नाही. ती तिच्या मैत्रिणीला, ज्या उंच मुलीला सगळ्या ‘उंची’ म्हणतात तिला, मिळाली. वर मोठ्या बाईंनी सांगितलं की केस वाढून सरळ होईपर्यंत मागच्या टेलिफोनच्या खोलीत बस, तिथे कुणाला दिसणार नाहीस.

मागच्या पत्रात मी चालीने चालण्याचं काय ते लिहिलं होतं. ते मागे घेते. तिने आता केस पुन्हा सरळ केले तर गाठ माझ्याशी आहे.

आपल्या मायेचा भरवसा आहे.

आपली,
वहिनी

~

दि. ३ एप्रिल

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मिशीच्या कात्रीपाशी यांनी दाद दिली आणि आपली कात्री लपवून ठेवली.

मनाला लावून घेऊ नका. तेलावर चटका जास्त बसतो हे मी लिहायला हवं होतं म्हणावं, तर स्ट्रेटनर बंद असंच लिहिलं होतं. दोघींचं राखायला तुम्ही गेलात आणि बट हातात आली. घरोघरी हेच होतं. पण त्यानंतर तुम्ही जे केलंत ते माझ्याने झालं नसतं. मी आपली दुरून पत्रं लिहिते. तुम्ही कात्री चालवलीत.

झिपरीला सांगा की टेलिफोनच्या खोलीतही मोठ्या दातांचाच कंगवा. तुमचे केस कसे आहेत? तुम्हीही वरून खाली ओढता, मी पाहिलंय.

लोभ आहेच, आता थोडा दराराही वाटतो.

तुमची,
वन्सं

~

दि. १९ मे

ती. आत्या,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले की वेळेवर आलीस. कानांवर लव आली आहे, पिल्लाला येते तशी. आई रोज चष्मा लावून बघते आणि बाबांना बोलावून दाखवते.

आता मुख्य बातमी. गेल्या आठवड्यात उंची टेलिफोनच्या खोलीत आली. प्रमुख झाल्यापासून ती माझ्याशी फारसं बोललेली नव्हती, मला वाटलं काही निरोप असेल. तिने दार लावलं, जाळी काढली, अंबाडा सोडला आणि माझ्यासमोर मान वळवली. आत्या, तिच्या कानांवर माझ्यापेक्षा दुप्पट जागा उघडी आहे. तीही पेन्सिल फिरवते. मी तिला सदरा, तेल, कंगवा सगळं सांगितलं. तिने विचारलं की आणि अंबाडा? मी म्हटलं, तो तर आधी. तिने हातातली जाळी टेबलावर ठेवली आणि ती म्हणाली की फक्त आपण दोघीच असू असं मला वाटत नाही.

नव्हतोच. कपडे बदलायच्या खोलीत एकेकीने जाळी काढली. सगळ्यात नवीन मुलगी, अजून वर्ष झालं नाही, तिचीही सुरुवात झाली आहे. तिला वाटत होतं की हे तिच्या घराण्यातच आहे.

काल सकाळी काउंटरवरच्या सगळ्या जणी सैल वेणी घालून आल्या. ज्यांचे कुरळे त्यांचे कुरळे. मी मागच्या खोलीत न जाता पुढे उभी राहिले. मोठ्या बाई आल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि थंडपणे म्हणाल्या की ज्यांना नियम पाळायचा नाही त्यांनी टेलिफोनच्या खोलीत जाऊन बसावं. त्यावर उंची अगदी पाहुण्यांशी बोलतो त्या आवाजात म्हणाली की जरूर, पण तिथे खुर्ची एकच आहे, आणि मग किल्ल्या कोण देणार?

तेवढ्यात पाहुण्यांची बस आली. एक गृहस्थ बॅग ओढत थेट माझ्यासमोर आले. मी कानांवरची लव उघडी टाकून त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनी खोली पूर्वेकडची आहे का, एवढंच विचारलं. दिवसभरात कुणीही आमच्या डोक्यांकडे बघितलं नाही. आम्हीच एकमेकींकडे बघत होतो.

उद्या मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं आहे. काय होईल माहीत नाही. आई म्हणते, काही झालं तरी जेवायला घरी ये. आम्ही जाणार आहोत, सगळ्या मिळून, केस धुऊन आणि मोकळे सोडून.

काकांना नमस्कार. तुझी माया आहे तेवढीच असू दे, त्याहून जास्त मावणार नाही.

तुझी,
झिपरी