पन्नास सेकंदांची सभा

२१ जानेवारी १९८९, शनिवार, पौर्णिमा
विहारात वंदना झाली. लगेच सभा. हजर तिघं: मी, माझी बायको तारा, भागीरथाबाई. कोरम तिघांचाच. मी वाचलं, 'सभा सुरू. कामकाज नाही. पुढच्या पौर्णिमेपर्यंत तहकूब.' तिघांच्या सह्या. घड्याळ लावून पाहिलं, पन्नास सेकंद. त्यातले तीस ताराच्या सहीत गेले. गेल्या वर्षापर्यंत ती अंगठा लावायची. कोरम भरावा म्हणून सही मीच शिकवली.
ही सगळी युक्ती माझी. इथं लिहून ठेवतो, कारण आमच्या विहार कमिटीत कोणाचं श्रेय कोणाला मिळत नाही. कमिटीच्या घटनेत कलम अकरा: सचिव नेमायला सभेची मंजुरी लागते, सभा चालू नसेल तेव्हाच अध्यक्षाला एकट्याने नेमता येतो. जुने सचिव बदली होऊन मंचेरियलला गेले. अध्यक्ष उत्तमराव गुरुजी आता आपल्या मेहुण्याला बसवणार, हे मी ओळखलं. म्हणून वार्षिक सभा संपूच दिली नाही. तहकूब! दर पौर्णिमेला तिघं बसले की सभा चालूच. खुद्द राष्ट्रपतींनाही संसद बसलेली असताना वटहुकूम काढता येत नाही. मग गुरुजी कोण?
भागीरथाबाई अंगणवाडी चालवतात. त्यांना हे तीनदा समजावलं. म्हणाल्या, एक डाव सांगतलं असतं तरी समजलं असतं जी. बाईंची समज बेताची.
संकल्प: तंबाखू बंद.

२९ जानेवारी, रविवार, सकाळी ९
गुरुजी घरी आले! पहिल्यांदाच. चहा पिऊन म्हणाले, मेहुण्याले नार्नूरहून येणं-जाणं जमत नाई. तुमीच व्हा सचिव. चौदा एप्रिलचं काम कोण करीन? पत्र लिहूनच आणलं होतं. 'श्री. नागनाथ दुर्गे यांची सचिव या पदावर नेमणूक करण्यात येत आहे.'
कचेरीत अकरा वर्षं मी नेमणुकीची पत्रं लिहितो आहे, सगळी दुसऱ्यांची. माझं नाव आणि असं मानाचं पद एका ओळीत आज प्रथमच पाहिलं. डोळे भरून आले. चुलीचा धूर, असं ताराला सांगितलं. चूल पेटलेली नव्हती.
तारा म्हणाली, पण सभा तं चालू हाये ना? काय हा प्रश्न! ती तजवीज चुकीच्या माणसासाठी होती. योग्य माणसाला घटना आडवी येत नाही.
तंबाखू एकदाच. आनंदाची.

५ फेब्रुवारी
आदिलाबादहून पाटी रंगवून आणली. 'सचिव: नागनाथ दुर्गे'. विहाराच्या दाराशी ठोकली. रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येते. तीनदा जाऊन खात्री केली.
संकल्प: पदाला शोभेल असं कमी बोलणं.

२० फेब्रुवारी, पौर्णिमा
वंदना, मग सभा. तारा म्हणाली, आता काऊन बसून राह्यलो आपण? तुमी तं झाले सचिव. मी तिला पाऊण तास समजावलं की कामात खंड पडू देणं बरं नाही. खरं म्हणजे रजिस्टर उघडलं की माझं अक्षर बघत बसावंसं वाटतं. पुऱ्या भीमपुरात असं अक्षर नाही.
पंचशीलात तंबाखूचं नाव नाही. तपासलं.

२२ मार्च, पौर्णिमा
तीस सेकंद. विक्रम! ताराची सही आता दहा सेकंदांत होते. शिकवणारा चांगला असला की असं होतं.
चौदा एप्रिलच्या जयंतीला सचिवाला स्टेजवर पाच मिनिटं असतात. माझ्या भाषणाची सतरा पानं झाली. विषय: घटनेचा आदर. कचेरीतल्या साहेबांनाही बोलावलं आहे. आजवर त्यांनी मला फक्त 'अरे दुर्गे' अशी हाक मारली आहे. आता मला माईकवरून ऐकतील.

९ एप्रिल, रविवार
आजचं लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.
जयंतीची तयारी ठरवायला आज सगळे सभासद आले. कामाआधी घटना मोठ्यानं वाचायची, ही आमची रीत. वाचणारा मी. कलम दहापर्यंत आवाज खणखणीत होता. अकराला खोकला आणला. म्हातारे दादाजी मिस्त्री उठले, स्वतः माठातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाले, घे, पी, आन् आता वाच.
वाचलं.
भागीरथाबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एकवीस जानेवारीले बसलो, वीस फेब्रुवारीले बसलो. मधात एकोणतीसले सभा चालू होती का बंद? मग सगळी युक्ती त्यांनी सभेला सांगितली, माझ्याच शब्दांत, एकदाच. सगळ्यांना समजली. रजिस्टर फिरलं. दादाजी म्हणाले, अक्षर तं नागनाथचंच हाये.
मी म्हटलं, पन्नास सेकंदांची काय सभा असते? बाई म्हणाल्या, तुमीच तं सांगतलं, सेकंद नाई मोजाचे, सह्या मोजाच्या.
गुरुजींकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. म्हणाले, मले कलमातलं काय समजते? नागनाथभाऊ घटनेचे जाणकार. त्यायनं पत्र घेतलं, मले वाटलं बरोबरच असन.
दगा! माझ्या घरचा चहा पिऊन दगा!
नेमणूक रद्द म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं झालं. सगळे हात वर. त्यात हिरव्या बांगड्यांचा एक हात मी ओळखला. त्या बांगड्या मीच आणल्या होत्या.
मग म्हटलं, ठीक आहे, आता रीतसर मंजुरी द्या. माझ्या बाजूनं एक हात. माझा. गुरुजींचा कानापर्यंत आला आणि कान खाजवून खाली गेला. सचिव भागीरथाबाई.
घरी ताराशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पाच मिनिटं टिकलं. विचारलं, तू सुद्धा? ती भाकरी थापत होती. म्हणाली, तुमच्यासाठी केला असता जी हात वर. पण सभा झालीच नाई असं तुमी म्हटलं, तं माही दस्तखत खोटी ठरते. जन्मात पहिल्यांदा नाव लिहाले शिकली मी. ते कसं खोटं म्हणू?
मी घटना काढून पहिल्या कलमापासून पुन्हा वाचली. फार दुखलं. जेवलो नाही, म्हणजे एकच भाकरी खाल्ली.
तंबाखू मोजली नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार
जयंती झाली. भागीरथाबाई दोनच मिनिटं बोलल्या. टाळ्या फार पडल्या. साहेब मला म्हणाले, अरे दुर्गे, जरा खुर्च्या सरकव.
सरकवल्या.
पाटीवर पांढऱ्या रंगाचा हात दिला आहे. उन्हात जवळून पाहिलं तर खाली माझं नाव दिसतं. बराच वेळ पाहिलं.
दुपारी बाई रजिस्टर घेऊन घरी आल्या. जयभीम केला. नऊ तारखेचा ठराव पक्का लिहून द्या म्हणाल्या, तुमच्यासारखं अक्षर कोणाचंच नाई. मी साफ नकार देणार होतो. पण अक्षराचं त्यांनी खरं सांगितलं होतं.
लिहिलं: 'श्री. नागनाथ दुर्गे यांची सचिव या पदावरील नेमणूक मुळापासून रद्द करण्यात येत आहे.'
ताराने खाली सही केली. चार सेकंद.
माझं नाव आणि पद पुन्हा एका ओळीत आलं. अक्षर फार सुंदर आलं आहे.